दहाव्या सामन्याआधी : उगवत्या खेळाडूविषयी वाचकांचे प्रश्न

आइस हॉकीच्या या सदराकडे सध्या येणारी बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरत आहेत. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, वरच्या क्रमांकावर निवडलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूला थेट एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च लीगमध्ये उतरवावे, की आणखी एखादे वर्ष खालच्या पातळीवर खेळू द्यावे, हा तो विषय. पत्रांतला सूर कधी काळजीचा आहे, कधी चिडलेला. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांची मुळे त्यात आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी आणि माझ्या धाकट्या भावाची गेले दोन महिने एकाच मुद्द्यावर खडाजंगी चालू आहे. आमच्या आवडत्या संघाने ड्राफ्टमध्ये पहिल्या दहांत निवडलेला विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) आता १९ वर्षांचा आहे. त्याला चौथ्या, म्हणजे आक्रमकांच्या शेवटच्या फळीत खेळवतात, सामन्याला जेमतेम नऊ मिनिटे मिळतात, आणि अधूनमधून तर संघाबाहेर ठेवून कोट-टाय घालून वर गॅलरीत बसवतात. भाऊ म्हणतो, मोठ्या खेळाडूंच्या सहवासात राहूनच तो तयार होईल. माझे म्हणणे असे की, त्याला ताबडतोब ज्युनियर लीगमध्ये परत पाठवावे. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून माझा कौल आपल्या बाजूने आहे, पण भावाचा मुद्दाही उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून थोडे मुळापासून पाहू.

आधी नियम. आपला खेळाडू कॅनडाच्या मेजर ज्युनियर हॉकीतून, म्हणजे ऑन्टारियो, वेस्टर्न किंवा क्वेबेक यांपैकी एका लीगमधून आलेला असेल, तर संघासमोर आजवर दोनच वाटा असत : त्याला एनएचएलमध्ये ठेवणे, किंवा त्याच्या ज्युनियर संघाकडे परत पाठवणे. एनएचएलच्या खालोखाल असलेली एएचएल ही व्यावसायिक लीग अशा मुलाला साधारणपणे विसाव्या वर्षापर्यंत बंद असते. एनएचएल आणि ज्युनियर लीग यांच्यातील करारात ही अट आहे आणि तिच्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे : उत्तम खेळाडू अठराव्या वर्षीच निघून गेले, तर ज्युनियर संघांचा सारा डोलाराच कोसळेल. २०२५ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात ठरलेल्या नव्या करारात प्रत्येक संघाला १९ वर्षांचा एक खेळाडू एएचएलमध्ये पाठवता यावा, अशी वाट काढण्यात आली आहे. युरोपातून थेट ड्राफ्ट झालेल्या खेळाडूला मात्र ही अडचण पहिल्यापासूनच नव्हती. म्हणूनच दोन संघांतील दोन मुलांची तुलना करण्याआधी त्यांच्यासमोर कोणत्या वाटा खुल्या होत्या, हे पाहायला हवे. चाहत्यांच्या वादात नेमकी हीच गोष्ट वारंवार विसरली जाते.

आता त्या नऊ मिनिटांकडे वळू. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक खेप, साधारण पाऊण मिनिटाची धरली, तर नऊ मिनिटे म्हणजे बारा शिफ्ट. त्यांतल्या काही आपल्या गोलसमोर बचाव करण्यात जातात, काही पक (खेळाची रबरी चकती) कोपऱ्यात ढकलून खेळाडू बदलण्यात संपतात. पक प्रत्यक्ष त्या मुलाच्या स्टिकवर असण्याचा वेळ सेकंदांतच मोजावा लागतो. शिवाय चौथ्या फळीत त्याच्या शेजारी जे दोघे खेळतात, त्यांचे काम मुख्यतः अंगाला अंग भिडवून प्रतिस्पर्ध्याला दमवणे आणि गोल होऊ न देणे हे असते. ज्या मुलाला त्याच्या पासिंगसाठी, बर्फावरची मोकळी जागा हेरण्याच्या नजरेसाठी निवडले, त्याला ते कसब वापरण्याची संधी त्या नऊ मिनिटांत किती वेळा येईल? आणि ती संधी दोन सामन्यांत एकदा आली, तर चूक करण्याची त्याची हिंमत होईल का? एका चुकीनंतर उरलेला सामना बाकावर काढावा लागेल हे ठाऊक असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा पक मिळताच तो काचेवर आपटून मोकळा होतो. ते सुरक्षित असते आणि त्याबद्दल त्याला कोणी बोलत नाही. अशी वीस-तीस सामन्यांची सवय एकदा हाडीमाशी मुरली, की ती मोडून काढायला वर्षे लागतात. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच.

लिऑन ड्रायसाइटलचे उदाहरण या वादात नेहमी दिले जाते आणि ते योग्यच आहे. एडमंटनने २०१४ मध्ये त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले आणि लगेच एनएचएलमध्ये उतरवले. ३७ सामन्यांत त्याचे दोन गोल आणि सात असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला साहाय्य) झाले. पाय जड, खेळाला वेग कमी, निर्णय उशिरा, अशी टीका होऊ लागली होती. २०१५ च्या जानेवारीत त्याला ज्युनियरमध्ये परत पाठवले, तेव्हा ती पायउतार झाल्यासारखी घटना वाटली होती. पण केलोना संघात तो पहिल्या फळीचा सेंटर (मधला आक्रमक) झाला, पॉवर प्ले (शिक्षेमुळे प्रतिस्पर्धी संघात खेळाडू कमी असतानाचा खेळ) त्याच्याभोवती रचला गेला, संघाने वेस्टर्न हॉकी लीगचे विजेतेपद मिळवले आणि मेमोरियल कप या ज्युनियर संघांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात केलोना हरूनही स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. पुढच्या मोसमात एएचएलमध्ये मोजके सामने खेळून तो एनएचएलमध्ये परतला आणि ७२ सामन्यांत त्याने ५१ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) मिळवले. २०२० मध्ये तो लीगचा सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरला. त्या अर्ध्या वर्षात त्याचे पाय एकाएकी वेगवान झाले असे कोणी म्हणणार नाही. पक आपल्याकडे मागून घ्यायचा, तो धरून ठेवायचा आणि सामना आपल्या गतीने चालवायचा, हा त्याचा मूळ स्वभाव त्या काळात त्याला परत सापडला, असे मला वाटते.

आता आपल्या भावाची बाजू. युराय स्लाफकोव्हस्की याला माँट्रियलने २०२२ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडले. पहिल्या मोसमात दुखापतीपर्यंतच्या ३९ सामन्यांत त्याचे केवळ १० गुण झाले. तो फिनलंडच्या लीगमधून आला होता, त्यामुळे माँट्रियलच्या एएचएल संघात, म्हणजे लव्हालला, त्याला पाठवणे शक्य होते आणि तसा आग्रह धरणाऱ्यांची संख्या मोठी होती. दुसऱ्या मोसमाच्या आरंभी गुण येईनात, तेव्हा हा आग्रह आणखी वाढला. संघाने ऐकले नाही. मात्र त्याला चौथ्या फळीत कुजतही ठेवले नाही. निक सुझुकी आणि कोल कॉफील्ड या संघाच्या दोन उत्तम आक्रमकांबरोबर त्याला खेळवले आणि खराब सामन्यानंतरही तेथेच ठेवले. त्या मोसमात ८२ सामन्यांत त्याचे २० गोल आणि ५० गुण झाले, आणि उन्हाळ्यात संघाने त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला.

ही दोन उदाहरणे वरवर एकमेकांच्या विरोधात जातात. प्रत्यक्षात दोन्ही मुलांना वळण लागले ते भरपूर मिनिटे, चांगले सोबती आणि चूक पोटात घालणारा प्रशिक्षक मिळाल्यावर. एकाला ते ज्युनियरमध्ये मिळाले, दुसऱ्याला एनएचएलमध्ये. म्हणून मी आपणा दोघांना असे सुचवीन की, मुलगा कोणत्या लीगमध्ये आहे यावर भांडण्याऐवजी तेथे त्याला काय करायला मिळते, यावर भांडावे. आपल्या विंगरला सध्याच्या जागी नऊ मिनिटे आणि गॅलरीतली खुर्ची एवढेच मिळत असेल, तर त्याने परत जावे. उद्या प्रशिक्षकाने त्याला दुसऱ्या फळीत पंधरा मिनिटे आणि पॉवर प्लेवर जागा दिली, तर मीच भावाच्या बाजूने लिहीन.

सहवासाविषयी एक शब्द. मोठ्या खेळाडूंबरोबर राहून मुलगा आहार, झोप, व्यायाम, सामन्याची तयारी या गोष्टी शिकतो, यात शंका नाही. पण त्या शिकायला पूर्ण मोसम लागत नाही. शिबिराचे काही आठवडे आणि सुरुवातीचे काही सामने एवढ्यावर चौकस मुलगा पुष्कळ काही टिपून घेतो.

प्रश्न : नऊ सामने झाले की संघ मुलाला परत पाठवतात. हा आकडा कोठून आला? यात मुलाच्या भल्यापेक्षा पैशांचाच विचार असतो, असे माझे मत झाले आहे.

उत्तर : पैशांचा विचार असतोच आणि तो लपवण्याचे कारण नाही. अठराव्या किंवा एकोणिसाव्या वर्षी सही केलेल्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि त्यात पगाराला कमाल मर्यादा असते. अशा खेळाडूने एका मोसमात दहापेक्षा कमी एनएचएल सामने खेळले, तर ते वर्ष करारातून वजा होत नाही. करार तसाच एक वर्ष पुढे सरकतो. दहावा सामना खेळला, की पहिले वर्ष खर्ची पडले. म्हणून नऊ सामने ही चाचणीची मुदत झाली आहे.

याचा अर्थ उघड आहे. मुलगा विसाव्या-एकविसाव्या वर्षी बहरात येईल तेव्हा तो अजून स्वस्त करारावर असावा, असे प्रत्येक संघाला वाटते, कारण एकूण पगारांवर मर्यादा असलेल्या लीगमध्ये ती बचत दुसरा चांगला खेळाडू आणण्यास उपयोगी पडते. मला यात गैर काही दिसत नाही, मात्र एक अट आहे : निर्णय आधी खेळ पाहून व्हावा आणि हिशोब नंतर यावा. अडचण अशी की, नऊ सामन्यांत खेळ पुरता दिसत नाही. पहिल्या चार-पाच सामन्यांत मुलगा उत्साहाच्या भरात धावतो, प्रतिस्पर्ध्यांनी त्याचा अभ्यास केलेला नसतो; खरी परीक्षा पंधराव्या-विसाव्या सामन्यापासून, प्रवासाचा शीण साचू लागल्यावर सुरू होते. तेव्हा नवव्या सामन्यानंतर मुलगा परत गेला, तर तो नापास झाला असे समजू नये आणि तो राहिला तर पास झाला असेही समजू नये.

प्रश्न : आमचा खेळाडू ज्युनियरमध्ये सामन्यामागे जवळजवळ दोन गुण मिळवत आहे. तेथे त्याला आव्हानच उरलेले नाही. मग तेथे ठेवून तो आणखी काय शिकणार? उलट वाईट सवयी लागणार नाहीत का?

उत्तर : ही भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर गुणांच्या तक्त्यात सापडत नाही. एक छोटा प्रसंग डोळ्यांसमोर आणा.

आपल्या बचाव क्षेत्रात विंगर कठड्याला लागून उभा आहे. मागून बचावपटू पक कठड्याच्या कडेकडेने जोरात त्याच्याकडे सोडतो. विंगरची पाठ मैदानाकडे आहे, तोंड लाकडाकडे, आणि निळ्या रेषेवरून प्रतिस्पर्धी बचावपटू पूर्ण वेगाने त्याच्या अंगावर येत आहे. त्याच्याकडे फार तर एक सेकंद आहे. ज्युनियरमध्ये आपल्या मुलाला हे सोपे जाते : तो सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला खांद्यानेच थोपवतो, पक थांबवतो, सावकाश वळतो आणि मग पास शोधतो. एनएचएलमध्ये अंगावर येणारा माणूस तीस वर्षांचा, त्याच्याहून दहा-पंधरा किलो वजनदार असतो. तेथे सावकाश वळायला वेळ मिळत नाही. पक येण्याआधीच दोनदा मान वळवून मागे पाहिलेले असावे लागते. पक स्केटच्या पात्यावर घेऊन त्याच हालचालीत मधल्या सेंटरकडे सरकवावा लागतो. हे कसब अंगी आले नसेल, तर मुलाने ज्युनियरमध्ये कितीही गोल केले तरी एनएचएलचा प्रशिक्षक त्याला महत्त्वाच्या क्षणी बर्फावर सोडणार नाही.

आता प्रश्न असा की, ज्युनियरमध्ये त्याला हे शिकवता येते का? येते; पण त्यासाठी कोणीतरी मागे लागावे लागते. एनएचएल संघांचे विकास प्रशिक्षक मोसमभर या मुलांचे सामने पाहतात, त्यांच्याबरोबर चित्रफिती पाहतात, त्यांना फोन करतात. चार गोल केलेल्या रात्रीही ‘तिसऱ्या शिफ्टला तू मागे पाहिले नाहीस’ असे सांगणारा माणूस त्याला लाभला, तर ज्युनियरचे वर्ष वाया जात नाही. आव्हान कमी असते तेव्हाच नवी गोष्ट धीराने घटवता येते. गायकाने नवी तान मैफलीत न घेता आधी रियाजात घ्यावी, तसे हे आहे. तसा माणूस लाभला नाही आणि मुलगा नुसता गुणांचा पाऊस पाडत राहिला, तर आपली भीती खरी ठरते.

शेन राइटचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. तो पहिल्या क्रमांकावर निवडला जाईल असे अनेकांना वाटत होते. २०२२ मध्ये तो चौथ्या क्रमांकावर सिएटलकडे गेला. पहिल्याच मोसमात त्याची इतकी ठिकाणे बदलली की चाहत्यांना हिशोब ठेवणे कठीण झाले : सिएटलकडून आठ सामने, मध्येच एएचएलमध्ये थोडे सामने, कॅनडाचा कर्णधार म्हणून वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेचे सुवर्णपदक, मग ज्युनियरमध्ये परत, आणि तेथेही नव्या संघात बदली. त्याला संघाने घोळात टाकले, अशी टीका तेव्हा झाली आणि मलाही ती पटली होती. पुढच्या वर्षी विशेष सवलत मिळून त्याला एएचएलमध्ये जवळजवळ पूर्ण मोसम एकाच ठिकाणी खेळता आले. ५९ सामन्यांत २२ गोल झाले. त्यानंतर २०२४-२५ मध्ये एनएचएलच्या ७९ सामन्यांत त्याने ४४ गुण मिळवले. त्याला उशीर झाला, असे मला आज वाटत नाही. पहिले वर्ष विस्कळीत गेले आणि दुसरे स्थिर गेले, एवढाच फरक मला महत्त्वाचा वाटतो.

कॅनडाच्या ज्युनियर खेळाडूंसाठी आता आणखी एक वाट उघडली आहे. ज्युनियरमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकेच्या महाविद्यालयीन हॉकीत पूर्वी प्रवेश नव्हता. २०२५ च्या ऑगस्टपासून तो मिळू लागला आहे. तेथे सामने कमी असतात, पण प्रतिस्पर्धी वयाने मोठे आणि अंगाने भरलेले असतात, आणि आठवड्याचे अनेक दिवस व्यायाम व सराव यांसाठी मोकळे मिळतात. ज्युनियर फार सोपे आणि एनएचएल फार कठीण, या पेचात सापडलेल्या मुलाला ही मधली पायरी सोयीची आहे, आणि येत्या काही वर्षांत चाहत्यांचे वाद याच पायरीवर रंगतील, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : डेट्रॉइटने दात्स्यूक आणि झेटरबर्ग यांना निवांत पिकू दिले म्हणून ते महान झाले. सगळ्याच संघांनी तो धडा का घेऊ नये?

उत्तर : डेट्रॉइटच्या त्या काळाबद्दल मला नितांत आदर आहे, पण या उदाहरणातून जेवढे काढले जाते तेवढे निघत नाही. पावेल दात्स्यूक १९९८ मध्ये १७१ व्या, तर हेन्रिक झेटरबर्ग १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर निवडला गेला. अठराव्या वर्षी त्यांना एनएचएलमध्ये आणावे, असा विचारही कोणाच्या मनात नव्हता. ते अनुक्रमे रशियात आणि स्वीडनमध्ये खेळत राहिले आणि वयाच्या विशीच्या सुरुवातीला, २००१ आणि २००२ मध्ये, डेट्रॉइटला आले. तेव्हा तो संघ इतका भक्कम होता की नव्या मुलाला घाईने जागा देण्याची गरजच नव्हती. तळाशी असलेल्या, ज्याच्याकडे दुसरा सेंटरच नाही अशा संघाला ती चैन परवडत नाही. शिवाय त्याच काळात सावकाश पिकवलेली, पण कधीच न पिकलेली किती मुले होती, त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

तरी सबुरीचे मोल मी कमी लेखत नाही. केल मकार याला कोलोरॅडोने २०१७ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडले. त्यानंतर तो दोन वर्षे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळला, महाविद्यालयीन हॉकीतील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठाचा अंतिम सामना हरल्यानंतर दोनच दिवसांनी थेट प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) एनएचएल पदार्पण करून त्याने त्याच सामन्यात गोल केला. तीन वर्षांनी कोलोरॅडोने एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप जिंकला, तेव्हा प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडू तोच होता. टॅम्पा बेचा मार्ग आणखी वेगळा. २०१२ मध्ये त्यांच्या नॉरफोक येथील एएचएल संघाने सलग २८ सामने जिंकून विजेतेपद मिळवले. त्या संघातील ओंद्रेय पालात, टायलर जॉन्सन, ॲलेक्स किलॉर्न आणि प्रशिक्षक जॉन कूपर हे पुढे एकामागून एक टॅम्पाला गेले आणि २०२० व २०२१ चे स्टॅनली कप त्यांनी एकत्र उचलले. पालात २०८ वा निवडला गेला होता. जॉन्सनला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलेच नव्हते.

या सर्वांत मला जे दिसते ते असे : थांबण्याच्या काळात ही मुले कोठेतरी संघाचा कणा म्हणून खेळत होती. नुसते थांबून कोणीही पिकत नाही.

प्रश्न : बचावपटू आणि गोलरक्षक यांनाही हेच मोजमाप लावावे का?

उत्तर : नाही. गोलरक्षकाबाबत घाईचा प्रश्न क्वचितच येतो. जागा एकच असते आणि ती अनुभवी माणसाकडे असते. कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा निवडला गेला, दोन वर्षे महाविद्यालयात खेळला, मग एएचएलमध्ये राहिला आणि २०१५ मध्ये प्रथम एनएचएलच्या गोलमध्ये उभा राहिला. २०२५ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक आणि सर्वाधिक मौल्यवान खेळाडूही ठरला. बचावपटूची चूक मात्र थेट गोलमध्ये दिसते, म्हणून त्याला अधिक काळ लागतो. मोरिट्झ सायडर याला डेट्रॉइटने २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडून आधी एक मोसम एएचएलमध्ये आणि एक स्वीडनमध्ये ठेवले; एनएचएलमध्ये आल्यावर पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. आमच्या घरी सगळेच हॉकी पाहतात. संघातील एकोणीस वर्षांच्या मुलाला माझा मुलगा आणि त्याचे मित्र ‘वाया गेलेला’ म्हणतात, त्याने शॉट चुकवला की हसतात. माझ्या वर्गात याच वयाच्या जवळपासची मुले असतात, म्हणून मला ते ऐकवत नाही. एकोणिसाव्या वर्षी कोणी वाया गेला, हे खरेच कळते का?

उत्तर : बाई, आपण हा प्रश्न विचारलात याबद्दल मी आपला आभारी आहे. नाही, कळत नाही.

आपल्या मुलाला काही आकडे सांगावेत. जो थॉर्नटन १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिल्या मोसमात ५५ सामने खेळून त्याचे तीन गोल आणि चार असिस्ट झाले. बॉस्टनमध्ये तेव्हा काय काय बोलले गेले असेल, याची कल्पना करता येते. २००६ मध्ये तो लीगचा सर्वाधिक मौल्यवान खेळाडू होता. जॅक ह्यूज २०१९ मध्ये पहिला निवडला गेला. पहिल्या वर्षी ६१ सामन्यांत २१ गुण. शरीर किरकोळ, धक्क्यासरशी खाली पडतो, अशी तक्रार होती. चौथ्या मोसमात त्याचे ९९ गुण झाले. ॲलेक्सिस लाफ्रेनियेर याचेही पहिल्या वर्षीचे गुण २१ च होते. चौथ्या वर्षी ते ५७ झाले.

खरे बोलायचे तर दुसरी बाजूही सांगावी लागेल. नेल याकुपोव्ह याला २०१२ मध्ये एडमंटनने पहिला निवडला आणि कामगारसंघर्षामुळे लहान झालेल्या त्या मोसमात ४८ सामन्यांत त्याने १७ गोल केले. सुरुवात थॉर्नटनपेक्षा कितीतरी चांगली होती. पण २०१८ नंतर तो एनएचएलमध्ये दिसला नाही. म्हणजे पहिल्या वर्षाचा आकडा निराशेच्या बाजूनेही फसवतो आणि आशेच्या बाजूनेही.

अठराव्या वर्षी शरीर पुरते भरलेले नसते. घर सुटलेले असते, आठवड्यात तीन-चार सामने आणि त्यांच्यामध्ये विमानप्रवास असतो, आणि आजवर प्रत्येक संघात सर्वोत्तम असलेला मुलगा आयुष्यात प्रथमच बाकावर बसलेला असतो. त्या मुलाला आपण पाहतो ते मोठ्या पडद्यावर, चेहऱ्यावर कॅमेरा रोखलेला असताना. शॉट चुकल्यावर तो बाकावर येतो, पाण्याची बाटली घेतो आणि वर लटकलेल्या फलकाकडे पाहत नाही; कारण तेथे तीच चूक पुन्हा दाखवत असतात. आपल्या मुलाने पुढच्या वेळी तो क्षण नीट पाहावा. संघाच्या व्यवस्थापकावर टीका करावी, प्रशिक्षकाच्या निर्णयावर करावी, ती मोठी माणसे आहेत आणि निर्णय त्यांचा असतो. मुलाने स्वतःला चौथ्या फळीत टाकलेले नसते.

प्रश्न : सगळे पटले, पण सामना पाहताना आमच्यासारख्या सामान्य प्रेक्षकाने मुलगा तयार झाला आहे की नाही, हे ओळखायचे कशावरून?

उत्तर : गोल आणि असिस्ट बाजूला ठेवून एक संपूर्ण सामना केवळ त्याच्याकडे पाहत बसा. कॅमेरा पकच्या मागे धावतो, त्यामुळे हे घरी बसून अवघड जाते. शक्य असेल तर एकदा तरी प्रत्यक्ष रिंकमध्ये, वरच्या रांगेत बसून पाहावे.

पक त्याच्याकडे येण्याआधी तो मान वळवून मागे पाहतो का, हे आधी पाहा. मग शिफ्टच्या शेवटी पाहा : दमलेला मुलगा पक प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात खोल टाकून बाकाकडे येतो, की आणखी एक हल्ला करण्याच्या मोहात मध्यरेषेवर पक गमावतो? अननुभवी खेळाडूंच्या चुका मला बहुतेक वेळा याच जागी, पन्नासाव्या सेकंदानंतर दिसल्या आहेत. एखादी जोराची टक्कर बसल्यानंतरच्या पुढच्या शिफ्टमध्ये तो पुन्हा त्याच कोपऱ्यात जातो का, हेही पाहण्यासारखे असते. चूक झाल्यावर तो मान खाली घालून सरकतो, की उलट फिरून मागे धावतो, यावरून त्याच्या मनःस्थितीचा अंदाज येतो.

आणि मुलाइतकेच प्रशिक्षकाकडेही लक्ष असू द्या. तिसरा पिरियड, सात-आठ मिनिटे उरलेली, संघ एका गोलने आघाडीवर : अशा वेळी तो मुलगा बाकावर कोठे बसला आहे? दाराजवळ सरकून, एक पाय कठड्यावर टाकून उडी मारण्याच्या तयारीत आहे, की दुसऱ्या टोकाला हातमोजे मांडीवर ठेवून बसला आहे? सलग दहा सामन्यांत या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवा. पहिल्या पत्रातील दोघा भावंडांनीही तसेच करावे आणि दहा सामन्यांनंतर मला पुन्हा लिहावे; त्यांच्या विंगरचे काय झाले, हे जाणून घेण्याची मला खरोखर उत्सुकता आहे.